योगायोगाचा सत्कार

कमलाकांत नांदुरकर सरांचं म्हणणं फार साधं होतं. साधं म्हणणं असलेल्या माणसाने आपल्याकडे व्यासपीठावर चढू नये, एवढंच त्यांना कुणी वेळेवर सांगितलं नाही.

म्हणणं असं, की जगात भाषा हजारो असल्या तरी माणसाचं तोंड एकच. त्यातून निघून निघून निघणार किती आवाज? तेव्हा एकाच रूपाचा शब्द दोन लांबलांबच्या भाषांत सापडला तर त्यात नवल नाही, आणि नातं तर मुळीच नाही. मराठीतली पाल भिंतीवर असते, तमिळमधली पेल्यात, कारण तिथे पाल म्हणजे दूध. मराठीत 'ती' म्हणजे कुणीतरी बाई, तमिळमध्ये 'ती' म्हणजे आग. (इथे डोळा मिचकावून हसणाऱ्या पुरुषांचा सरांना तिटकारा होता, आणि इथे प्रत्येक पुरुष हसत असे.) आपली कला फिनलंडला पोचली की मासा होते. जपानात 'कसा' म्हटलं की छत्री. आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे चक्क बहीण. मेळघाट तर आपल्या जिल्ह्यातच आहे. तिथल्या कोरकू भाषेत 'कोन' म्हणजे मुलगा, आणि खाली अमरावतीत 'कोन' म्हणजे दाराची कडी वाजल्यावर आतून येणारा प्रश्न. यावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. शुद्ध योगायोग. हे 'काहीच नाही' ठामपणे म्हणता यावं म्हणून सरांनी निम्मं आयुष्य शब्द गोळा करण्यात घालवलं होतं.

आता निम्मं आयुष्य घालवून 'काहीच नाही' हाती लागलेल्या माणसाची लोक कीव करतात. शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा मुलं त्यांच्या तासाला खिडकीबाहेर बघायची आणि निवृत्त झाल्यावर कॉलनीतले लोक मोबाइलमध्ये बघायचे. पत्नी कुंदाताई ऐकून घ्यायच्या, पण भाजी निवडता निवडता, आणि मध्येच "अहो, तो सांबार द्या इकडे" म्हणायच्या. सांबार म्हणजे आपली वऱ्हाडातली कोथिंबीर. त्यावरून शेजारचे देवमन वानखडे एकदा उत्साहाने म्हणाले होते, "सर, हा सांबार घ्या ना तुमच्या यादीत. इथं कोथिंबीर, मद्रासले आमटी." देवमन तहसीलमधून निवृत्त झालेले, सल्ला देण्यात उदार माणूस. सरांनी त्यांना बसवून समजावलं, की हा शब्द इकडून तिकडे प्रवास करून गेला असावा असा संशय आहे, आणि उसना शब्द आपल्याला चालत नाही, दोन्हीकडे आपापला उगवलेला शब्द पाहिजे. तेव्हापासून देवमन सरांना लांबूनच नमस्कार करू लागले.

जगात एकाच माणसाला सरांचं 'काहीच नाही' समजत होतं, आणि ती त्यांची मुलगी जुईली. इतर मुलींसाठी बाप जत्रेतून फुगे आणतात, हिचा बाप हिच्यासाठी फिनलंडचा मासा आणायचा. पोरीने मोठं होऊन भाषाशास्त्रच घेतलं आणि आता हैदराबादला विद्यापीठात शिकवत होती. आपल्या पहिल्या वर्गात ती म्हणायची, "दिसण्यावर जाऊ नका, हे मला माझ्या बाबांनी शिकवलं." हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा सर बाल्कनीत जाऊन उभे राहिले होते, कारण कुंदाताईंसमोर डोळे पुसणं बरं दिसलं नसतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग अकोल्याहून खुशालरावांचा फोन आला.

खुशालराव म्हणजे अकोल्यातलं बडं प्रस्थ. मंगल कार्यालय त्यांचं, दोन शाळा त्यांच्या, आणि वडिलांच्या नावाने 'स्वर्गीय केशवराव स्मृती व्याख्यानमाला' त्यांचीच. "सर, तुमाले या लागते," ते म्हणाले. "मराठीले अभिजात दर्जा भेटला, आन् आमच्या व्याख्यानमालेत अजून मधुमेहच चालू हाय. लोकायले काहीतरी भाषेचं पायजे."

सरांना आपलं नाव कुणी सुचवलं हे विचारायचं भान राहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना अख्खा तास देत होतं, आणि त्या तासाला परीक्षा नव्हती. त्यांनी विषय सांगितला: 'एक रूप, अनेक अर्थ: भाषांमधले योगायोग'. खुशालराव "वा वा" म्हणाले. जुईलीला फोन झाला. ती खूश झाली, आणि तिने एकच सूचना केली. "बाबा, योगायोग आधी सांगा. उदाहरणं मागून."

"अगं, आधी गोडी लावावी, मग व्याकरण," सर म्हणाले. जन्मभर ज्यांना एकाही वर्गाला गोडी लावता आली नाही, त्यांनी हे म्हणावं! पण तिने वाद घातला नाही. बापाच्या आनंदात कोण वाद घालतं?

आठवडाभराने आमंत्रणपत्रिका आली. त्यावर केशवरावांचा फोटो होता, खुशालरावांचा होता, अध्यक्षांचा होता, आमदारांचा होता. सरांचा नव्हता, पण नाव होतं, 'डॉ.' लावून. आणि विषय होता, 'विश्वजननी मराठी: जगातील सर्व भाषांचे मूळ'.

सरांनी हातातला चहा खाली ठेवला आणि अकोल्याला फोन लावला. "खुशालराव, मी डॉक्टर नाही हो."

"होऊन जासान."

"आणि हा विषय! मी बोलणार त्याच्या बरोबर उलटा आहे."

"सर, तुमी काहून टेन्शन घेऊन राहिले? योगायोग म्हनलं का लोकं घरी बसते. जननी म्हनलं का बाया बी येते. पत्रिका वाटून झाल्या आता. तुमाले उलट बोलाचं हाय तं उलट बोला ना! भाषनात कोन अडवते तुमाले?"

हा युक्तिवाद सरांना पटला, यातच सगळं आलं. देवमननेही दुजोरा दिला. "सर, पत्रिका म्हंजे पाट्या असते. आत दुकानात काय ठेवाचं ते तुमी ठेवा." सरांनी मनाशी ठरवलं, की गर्दी खुशालरावांची आणि सत्य आपलं. एवढा सौदा त्यांना बरा वाटला.

व्याख्यान पाचचं होतं, म्हणजे साडेसहाला सुरू झालं. दीपप्रज्वलन करताना पंख्याने ज्योत विझली, म्हणून पंखे बंद केले, ते पुन्हा लावायचं कुणाला सुचलं नाही. मग स्वागतगीत. मग सत्कार. आपल्याकडे व्याख्यान ही सत्कारांच्या मधली मोकळी जागा असते. अध्यक्षांचा झाला, माजी अध्यक्षांचा झाला, मंडपवाल्याचा झाला, गेल्या वर्षी मधुमेहावर बोललेल्या डॉक्टरांचा राहून गेला होता तोही झाला. खुशालरावांनी प्रास्ताविकात वडिलांचं चरित्र सांगायला घेतलं आणि वडील दीर्घायुषी होते. सरांच्या हातात माइक आला तेव्हा मागच्या रांगेतली मंडळी घड्याळ बघत होती.

पण सर बोलले, आणि काय बोलले! तमिळ पाल निघाली, फिनिश मासा निघाला. जपानीत नाना म्हणजे सात, असं म्हटल्यावर दुसऱ्या रांगेतल्या कुणा नानांना आजूबाजूच्यांनी धरून उभं केलं आणि नानांनी सगळ्यांना हात जोडले. जॉर्जियात मामा म्हणजे बाप, यावर तर शिट्टी आली. सरांनी आयुष्यात शिट्टी वर्गात ऐकली होती, ती पाठ वळवल्यावर. ही समोरून आली. प्रत्येक उदाहरणाला टाळी पडत होती. ती कशासाठी पडते आहे हे सरांच्या लक्षात यायला उशीर झाला. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ दर शब्दागणिक शेजाऱ्याला कोपर मारून म्हणत होते, "पाह्य, जपानातई पोचली आपली मराठी. पाह्य, आफ्रिकेतई."

सर घाईने वळणावर आले. "पण मित्रहो," ते म्हणाले, आणि त्याच वेळी त्यांच्यापुढे चिठ्ठी आली. 'आमदार आले. आवरा.' चिठ्ठी वाचून होईतो सगळं सभागृह उभं राहून दाराकडे तोंड करून होतं. सर एकटे माइककडे तोंड करून होते. "हे सगळे योगायोग आहेत," असं ते त्या गडबडीत म्हणाले. खरंच म्हणाले. त्यांच्या स्वतःच्याही कानावर ते नीट आलं नाही, कारण दाराशी घोषणा चालू होत्या.

आमदारांनी एक अक्षर ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना बोलायला काहीच अडचण आली नाही. "डॉक्टर नांदुरकर साहेबांनी आत्ताच तुमच्यासमोर सिद्ध केलं," अशी त्यांनी सुरुवात केली. सरांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि फोटोत त्यांचं तोंड उघडं आलं, कारण ते तेव्हाही "पण" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: 'जगातील सर्व भाषा मराठीच्या लेकी, ज्येष्ठ भाषाशास्त्रज्ञ डॉ. नांदुरकर यांचे संशोधन'. वार्ताहराने ती आमंत्रणपत्रिकेवरून आदल्या दिवशीच पाठवून दिली होती. त्याला दोष देता येत नाही. आपल्याकडे कार्यक्रम पत्रिकेप्रमाणेच होतात, त्याला बिचाऱ्याला काय माहीत की एखादा माणूस उलट बोलायला उभा राहील.

बातमी कॉलनीच्या ग्रुपवर आली, तिथून शाळेच्या ग्रुपवर गेली, तिथून पुण्याच्या कुणा आत्याच्या भजनी मंडळात, आणि तिथून फिरत फिरत हैदराबादला, जुईलीच्या विभागात. एका सहकाऱ्याने ती तिला पाठवली. खाली लिहिलं होतं, 'तुझे कोणी नातेवाईक का?' आणि पुढे हसून लोळणारी तोंडं.

तिचा फोन आला तेव्हा सर आधीच घामाघूम झाले होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, तुम्ही असं बोलला नाहीत, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण इथे ते कुणाला माहीत नाही. मी वर्गात तुमचं नाव घेते. तुम्ही खुलासा द्या. छापून येऊ दे, मी इथे दाखवीन."

सर त्याच दुपारी पेपरच्या अमरावती कचेरीत गेले. तिथे अनुप नावाचा उपसंपादक होता, गोड बोलणारा. "सर, खुलासा म्हंजे आमची बातमी चुकली असं होते," तो म्हणाला. "तसं आमाले छापता येत नाई. तुमची प्रतिक्रिया छापू शकतो ना, फोटोसकट." सरांनी प्रतिक्रिया दिली, शब्द मोजून, की मराठी ही जगातल्या भाषांची आई नाही, ही साम्यं आपोआप घडलेली आहेत, आणि यात माझा कसलाही शोध नाही. ती छापून आली: 'माझे काहीच नाही, हे सारे आपोआप घडले! थोर संशोधकाचा विनय'.

त्यावर देवमन पेढे घेऊन आले. लांबून नमस्कार करणारा माणूस थेट सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "सर, मानलं तुमाले. एवढा मोठा मानूस, आन् आमच्या शेजारी राहून राहिला, आमाले पत्ताच नाई."

"अहो देवमन, तुम्हाला मी सांबाराच्या वेळी काय समजावलं होतं?"

"तेच तं! तवा मले वाटलं, हा मानूस उगाच किरकिर करते. आता समजलं का संशोधन करून राहिला होता."

चौकात फ्लेक्स लागला तो त्याच आठवड्यात. माजी नगरसेवक मोतीराम यांनी लावला होता, कारण निवडणुका कधीही लागतील अशी हवा होती. 'अंबानगरीचा मानबिंदू, विश्वजननी मराठीचे संशोधक'. (अंबानगरी म्हणजे फ्लेक्सवरची अमरावती.) मोतीराम खालपासून वरपर्यंत हात जोडून उभे, आणि कोपऱ्यात एका गोलात सर, डोक्यावर भाच्याच्या लग्नातला फेटा. कुंदाताईंनी तो फोटो कुणाला दिला हे त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

फ्लेक्स काढायला सर आधी मोतीरामकडे गेले. मोतीराम म्हणाले, आपल्या माणसाचं कौतुक आपण नाही करायचं तर कोणी करायचं? मग सर देवमनला घेऊन महापालिकेच्या झोन कचेरीत गेले, कारण कचेरीत कसं बोलावं हे देवमनला कळत असे. तिथल्या साहेबांनी विचारलं, फलकाला परवानगी आहे का? नाही, सर म्हणाले, म्हणूनच तर काढा. साहेब म्हणाले, परवानगी नाही म्हणजे आमच्या दप्तरी तो फलकच नाही. जो नाही तो काढायचा कसा? आधी मोतीरामांना परवानगी घेऊ द्या, मग तुम्ही हरकत घ्या. एवढं समजावून साहेबांनी सरांकडे निरखून पाहिलं, खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "तुमीच का ते? अरे, सरांले चहा सांगा."

तो चहा चांगला होता. इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. सरांना कोणत्याही कचेरीत कधी कुणी बसा म्हटलं नव्हतं. पेन्शनच्या खिडकीसमोर ते उन्हात उभे राहिले होते, बँकेत त्यांना तीनदा परत पाठवलं होतं, आणि ज्या शाळेत जन्म गेला तिथल्या शिपायाने स्नेहसंमेलनाला त्यांना मागच्या दाराने जायला सांगितलं होतं. आता वाणी पिशवी घरपोच पाठवायचा. रिक्षावाला भावात घासाघीस करायचा नाही. कॉलनीचं पाणी वेळेवर यायला लागलं ते सरांमुळेच, असं देवमनने पसरवलं होतं. कुंदाताईंच्या भिशीत बायका त्यांना आधी चहा द्यायच्या.

"काढू नका हो तो फ्लेक्स," कुंदाताई एके दिवशी म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला कुणी तुमच्यावरून ओळखून राहिलंय."

"पण ते खोटं आहे, कुंदा."

"तुमचं खरं होतं तेव्हा कोण आलं होतं?"

 

मग अमरावतीकरांच्या वतीने नागरी सत्कार ठरला, कारण अकोल्याने सत्कार केला आणि अमरावतीने नाही, हे कसं चालेल? अकोला आणि अमरावती यांच्यात कशावरूनही चुरस लागते; विमानतळ, विद्यापीठ, झालंच तर उन्हाचा पारा. आता सरांवरून लागली. सत्काराला खुशालरावांनाही बोलावलं होतं, त्यांना जरा जळवावं म्हणून.

जुईलीने हे ऐकलं आणि सुटी काढली. सत्काराच्या दिवशी सकाळी ती घरी आली, फ्लेक्स बघून आली होती, पण त्याबद्दल बोलली नाही. बापासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, बरं झालं हा कार्यक्रम ठरला. पेपरवाले येतील, अख्खं गाव असेल. आज तुमचं बोलणं कुणी मधे तोडू शकत नाही. तुम्ही स्पष्ट सांगून टाका, मी फोनवर रेकॉर्ड करते आणि विभागात सगळ्यांना ऐकवते. तुम्ही एवढं केलंत ना, तर मला पुन्हा कुणाला काही समजवावं लागणार नाही."

"सांगतो," सर म्हणाले. "आज योगायोग आधी, उदाहरणं मागून." ती हसली. बऱ्याच दिवसांनी ती तशी हसली होती आणि सरांना फार बळ आलं. त्यांनी दुपारी आरशासमोर तालीमही केली. पहिलं वाक्य असं होतं: 'माझ्या नावावर जे छापून आलं ते चूक आहे.' सोपं वाक्य होतं. चौथीच्या मुलालाही पाठ झालं असतं.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत एका बाजूला कुंदाताई नव्या पैठणीत, दोन्हीकडे भिशीतल्या बायका. दुसऱ्या बाजूला जुईली, फोन हातात धरून. मध्ये सरांचे जुने मुख्याध्यापक, ज्यांनी सरांचा तास चालू असताना दारातून डोकावून "आवाज फार येतोय" एवढंच जन्मभर म्हटलं होतं. ते आज काठी टेकत आले होते आणि सरांकडे बघून मान डोलवत होते. मागे माजी विद्यार्थी, जे खिडकीबाहेर बघायचे तेच. ते आज सरांकडे बघत होते.

सूत्रसंचालन शाळेतल्या चारुताबाई करत होत्या. सत्कार झाला. मोतीराम बोलले. आणि चारुताबाई सरांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "सर, प्रमुख पाहुणे येत नाहीयेत, त्यांचा फोन आला. तुम्ही निवांत बोला. वेळच वेळ आहे."

सर उठले. माइकपाशी आले. जुईलीने फोन वर धरला.

"माझ्या नावावर जे छापून आलं," सर म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापक काठी सावरत उभे राहिले. त्यांचं पाहून बाकीचे उभे राहिले. कुंदाताई उभ्या राहिल्या, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. टाळ्या संपेनात. सर थांबले. टाळ्या संपल्यावर पुढचे तीन शब्द म्हणायचे, एवढंच काम होतं.

टाळ्या संपल्या. लोक बसले. सरांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मित्रहो, तमिळ भाषेत पाल म्हणजे दूध."

एखादं उदाहरण आधी देऊन बघू, मग सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. टाळी पडली. त्यांनी मासा सांगितला. टाळी पडली. छत्री सांगितली, सात सांगितले. ज्या शब्दांना त्यांनी आयुष्यभर जिवापाड जपलं, ते शब्द लोक असे झेलत होते आणि सरांना बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटत होतं. शब्द संपत आले. संपणारच होते. शेवटचा शब्द सांगून झाला आणि सभागृह पुढचं ऐकायला शांत झालं. एवढी शांतता त्यांच्या कुठल्याही वर्गात कधी झाली नव्हती.

"पण," सर म्हणाले.

जुईली खुर्चीत पुढे सरकली. मुख्याध्यापकांनी कानाला हात लावला. खुशालरावांनी मात्र घाबरून इकडे तिकडे पाहिलं, कारण त्या सभागृहात सर पुढे काय बोलू शकतात हे जुईली आणि कुंदाताईंखेरीज त्या एकाच माणसाला ठाऊक होतं.

"पण," सर पुन्हा म्हणाले, "वेळेअभावी मी इथेच थांबतो."

टाळ्या अकोल्यापर्यंत ऐकू गेल्या असतील. जुईलीनेही वाजवल्या. समोर बसलेल्या माणसाला वाजवाव्याच लागतात. त्याआधी तिने रेकॉर्डिंग बंद केलं, आणि सरांनी ते व्यासपीठावरून पाहिलं.

दोन दिवस राहणार होती ती. पण त्याच रात्रीच्या गाडीने निघाली. काही काम आलं म्हणाली. कुंदाताईंनी डब्यात काहीबाही भरून दिलं आणि सर तिला एसटी स्टँडवर सोडायला आले. अकोल्याची गाडी लागलेली होती, तिथून तिला हैदराबादची रेल्वे होती. 

"अगं, लोक किती खूश होते," सर शेवटी म्हणाले. "मुख्याध्यापक उभे राहिले, पाहिलंस ना? तुझी आई... त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं गं? पुढच्या वेळी नक्की सांगेन. एक लेखच लिहितो."

"बाबा," जुईली म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुम्हाला खरं माहीत नसतं ना, तर मी तुमच्या बाजूने जगाशी भांडले असते."

ती वाकली, नमस्कार केला, आणि गाडीत चढली. खिडकीची जागा मिळाली होती, पण ती पलीकडच्या बाजूची. गाडी निघाली. सर हात वर करून उभे राहिले, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही हात खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही. आपण काय घालवलं हे त्यांना पक्कं कळलं होतं.

"सर! तुमीच ना ते, फ्लेक्सवाले?" मागून एक माणूस आला, हातात पिशवी, बरोबर बायको. "मी वलगावचा. पेपरात वाचलं तुमचं. जगातल्या साऱ्या भाषा आपल्याच ना सर? आमच्या घरी पोट्ट्यायले वाचून दाखवलं. एक फोटो काढू द्या ना."

सर त्याच्याकडे बघत राहिले. सांगायचं तर हीच वेळ होती. ना माइक, ना टाळ्या, ना कुंदाताई. एकच माणूस होता आणि तो ऐकायला तयार होता.

"हसा ना सर," तो म्हणाला.

सर हसले. फोटो चांगला आला होता. त्याने तो दाखवला, तेव्हा सरांनी चष्मा पुसून नीट पाहिला आणि आपल्याही फोनवर पाठवायला सांगितला.